वास्को, फोंडा आणि आपली माणसं

पत्र थोडक्यात: पती नौदलात, विमानांच्या देखभालीच्या कामावर. १७ वर्षांची नोकरी, पाचवी बदली. आता विशाखापट्टणमहून गोव्याला, दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर. पत्र लिहिणाऱ्या ताई मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. घरात १३ वर्षांची मुलगी (केंद्रीय विद्यालयात, आता नववीत जाईल), पाच वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. क्वार्टरसाठी वेटिंग आहे, तोवर भाड्याचं घर घ्यावं लागणार. पती म्हणतात, वास्कोतच बघू, नंबर लागला की वरुणापुरीत, नौदलाच्या वसाहतीत जाऊ. ताईंना मात्र फोंड्याला राहायचंय. तिथे मावसबहीण आहे, देवळं आहेत, मराठी नाटकं होतात. "कॅम्पच्या भिंतीआड आता पुरे झालं. या वेळी मला आपल्या माणसांत राहायचंय," असं त्या लिहितात. आणि शेवटी: "पण तीन वर्षांनी पुन्हा उठायचंच आहे, तर जीव तरी कशाला लावायचा?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न सोपा आहे, वास्को की फोंडा. दुसऱ्या वाचनात दोन वाक्यं समोरासमोर येऊन उभी राहिली. तिसऱ्या पानावर तुम्ही म्हणता, "इतक्या वर्षांत आपली माणसं कधी मिळालीच नाहीत." आणि त्याच्या आधीच्याच पानावर, सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनबद्दल सांगताना सहज लिहून गेलात की मिस्टर समुद्रावर होते, आणि ११ दिवस शेजारच्या तेलुगू बाईंनी दोन्ही मुलांना जेवूखाऊ घातलं, धाकट्याला रात्री कुशीत घेतलं.

मग या बाई कोण होत्या?

मी तुम्हाला पकडायला बसलेली नाही. तुम्ही 'आपली' म्हणता तेव्हा तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. जिच्यापुढे वाक्य मनात जुळवावं लागत नाही, अशी बाई हवी आहे. भांडण हिंदीत करता येतं, रडगाणं नाही गाता येत. 'जीव नुसता टांगणीला लागलाय' हे हिंदीत सांगायला गेलं की त्यातला जीव निघून जातो आणि टांगणी तेवढी उरते. १७ वर्षं असं अर्धं अर्धं बोलून माणूस थकतो. ही गरज खरी आहे आणि तिला लाजायचं कारण नाही. फक्त ती गरज एक घर बदलून, एका झटक्यात पूर्ण होईल असं तुम्ही धरून चालला आहात, तिथे मला थांबावंसं वाटतं.

आधी फोंड्याबद्दल, कारण तुमचं मन तिथे आहे. मन जातंय यात नवल नाही. मंगेशी, म्हार्दोळ, कवळ्याची शांतादुर्गा, सगळं आसपास. राजीव गांधी कला मंदिरात मराठी नाटकं होतात आणि लोक ती डोळ्यांत तेल घालून बघतात, चुकलं तर चहाच्या गाड्यावर तुम्हाला सांगतात. सासूबाईंचा तर वेळ कसा जाईल कळणारही नाही.

पण गोवा म्हणजे महाराष्ट्राचाच पुढचा तालुका, अशा समजुतीत येऊ नका. इथे आरत्या मराठी, वर्तमानपत्र मराठी, भजन मराठी, आणि त्याच घरात आई मुलाला हाक मारते ती कोकणीत. हे दोन्ही एकाच माणसाच्या तोंडात सुखाने नांदतं. पण या भाषांवरून इथे मोठी वादळं झाली आहेत. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला आणि गोव्याने वेगळं राहायचं ठरवलं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली, तीही बरंच रान पेटल्यावर. त्या काळी घराघरांत पडलेल्या भेगा अजून आठवणारी माणसं तुमच्या शेजारी राहत असतील. म्हणून एक वाक्य घाटापलीकडेच सोडून या: "कोकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?" विचारणारी भोळेपणाने विचारते, ऐकणाऱ्याचा चेहरा मात्र मिटतो. फोंड्यात तुमच्याशी सगळे मराठीत बोलतील, छान बोलतील. पण बायका ओट्यावर बसून आपसांत बोलतील ती कोकणीच, आणि पहिले दोनेक महिने तुम्ही तिथेही अर्ध्या वाक्यावरच असाल. पुढे समजायला लागेल, तो भाग सोपा आहे. आणि कधीतरी 'भायले' हा शब्दही कानावर पडेल, म्हणजे बाहेरचे. तो बहुतेक वेळा तुम्हाला उद्देशून नसतो, तरी टोचतो. गोव्यात जमिनी, घरभाडी, गर्दी यांवरून लोकांच्या मनात साचलेलं बरंच आहे, ते त्या शब्दातून बाहेर पडतं. मराठी असल्यामुळे आपण त्यातून आपोआप सुटतो, असं नाही.

बहिणीचं. तुम्ही लिहिलंय, ती म्हणाली, "ये गं, मी आहे ना." ती मनापासून म्हणाली असणार. पण तिच्या घरी कोण कोण आहे, तिचे सासूसासरे, तिची नोकरी, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. बहीण जवळ असणं वेगळं आणि बहिणीवर असणं वेगळं. मिस्टर डिटॅचमेंटवर, म्हणजे कामासाठी दुसऱ्या ठिकाणी गेले, तुम्हाला ताप आला, मुलाला शाळेतून आणायचंय, सासूबाईंची गोळी संपली, अशा दिवशी तुमच्या यादीत तिचं एकच नाव असेल, तर सहा महिन्यांत नात्याला ताण बसतो. तिला एकदा स्पष्टच विचारा, "महिन्यातून किती वेळा हाक मारली तर चालेल?" बहिणीला असं विचारायचं म्हणजे विचित्र वाटतं. तरी विचारा.

आता खरी अडचण, आणि ती भाषेची नाही. फोंडा ते दाबोळी तीसेक किलोमीटर. मिस्टर दोन्ही वेळा जातील-येतील, ड्यूटीच्या दिवशी तिकडेच राहतील. नौदलाचं हॉस्पिटल, आयएनएचएस जीवंती, वास्कोला. खुबा बदललेल्या सासूबाईंना दर तपासणीला तिथे न्यायचं तर अर्धा दिवस गेला. आणि सगळ्यांत मोठं, मुलीची शाळा. केंद्रीय विद्यालय फोंड्यालाही आहे, वास्कोलाही आहे. पण समजा तुम्ही फोंड्याला घर घेतलंत, तिला तिथे घातलंत आणि ऐन नववीच्या मध्यात क्वार्टरचा नंबर लागला. मग? सीबीएसईत दहावीच्या परीक्षेसाठी मुलांची नोंदणी नववीतच होते. त्या दोन वर्षांत तिला जितकं कमी हलवाल तितकं बरं. एका बदलीत दोन शाळा म्हणजे तिच्यावर दोन बदल्या.

म्हणून तुमचा क्रम मी उलटा करीन. आधी मुलीची शाळा ठरवा, अशी की क्वार्टर मिळालं तरी बदलावी लागणार नाही. मग तिच्याभोवती घर शोधा. तुमच्या बाबतीत हे गणित वास्को-दाबोळीच्या बाजूने जातं, पुढे वरुणापुरीत गेलात तरी ती त्याच वर्गात बसेल.

वास्को देखणं गाव नाही, हे मी २६ वर्षं इथे राहून सांगते आहे. पोस्टरवरचा गोवा इथे दिसत नाही. बंदर, रेल्वे, विमानतळ, नौदल, सगळं एकाच टेकडीच्या कुशीत दाटलेलं. बंदरात कोळसा उतरतो आणि वारा त्या बाजूचा असला की खिडकीच्या कट्ट्यावर काळी पूड बसते. घर बघायला जाल तेव्हा पांढरा रुमाल न्या आणि कट्ट्यावरून फिरवा, दलाल काय सांगतो ते नंतर ऐका. धाकट्याला दम्याचा त्रास आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा बंदराच्या अंगाची घरं सोडा. चिखली आणि दाबोळीच्या बाजूला बघा, बेसही जवळ पडेल. बोगमाळोला समुद्र सुंदर आहे, पण पर्यटकांच्या पट्ट्यात घर घेताना एक प्रश्न विचारायला विसरू नका: "डिसेंबरात काय?" हंगामात जास्त पैसे मिळतात म्हणून काही घरमालक तेव्हाच भाडेकरूला घर सोडायला लावतात.

पण मी इथे २६ वर्षं टिकले ती गाव देखणं आहे म्हणून नव्हे, आणि मराठी आहे म्हणूनही नव्हे. लग्न होऊन आले तो जुलै होता. नवरा रात्रपाळीला. संध्याकाळी वीज गेली, पाऊस असा की समोरची इमारत दिसेना. मेणबत्ती होती, पण काडेपेटी सादळलेली. आठ-दहा काड्या ओढल्या, गुल नुसता लगदा होऊन बोटाला लागत होता. अंधारात उभी राहून रडत होते आणि दार वाजलं. वरच्या मजल्यावरची मल्याळी बाई, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात गॅसचा लायटर. तिला मराठी शून्य, माझं हिंदी शाळेतलं. ती म्हणाली, "माचिस नहीं चलेगा इधर. जून से सप्टेंबर, नहीं चलेगा." बस्स, एवढंच. तिचा नवरा नौदलात होता आणि तो महिनाभर घरी नव्हता, हे मला फार नंतर कळलं. दोन वर्षांनी ती बदलून गेली. मी आजही पावसाळ्यात काडेपेटी डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवते. ते तिनेच शिकवलं.

तुमच्या त्या तेलुगू शेजारणीबद्दल वाचताना मला ती आठवली, म्हणून हे सांगितलं.

आता 'कॅम्पची भिंत'. तुमचा राग कुठून येतो ते तुम्ही लपवलेलं नाही. नवऱ्याची रँक बायकोच्या खुर्चीपर्यंत येते, कार्यक्रमात कोण कुठे बसणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि 'मिसेस अमुकतमुक' या नावाखाली तुमचं नाव दबून जातं. हे आहे, ते नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण बाहेर तरी काय? सोसायटीत पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न "मिस्टर काय करतात?" हाच. उतरंड तिथेही असते, फक्त पाटी लावलेली नसते. आणि कॅम्पात एक गोष्ट मिळते ती बाहेर सहसा मिळत नाही: नवरा सेलिंगवर आहे म्हणजे घरात काय चाललं असेल, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाहेर लोक विचारतात, "मग कधी येणार?" आणि ते तुम्हालाही माहीत नसतं. तेव्हा कार्यक्रमांतले निम्मे सोडा, कुणी काही म्हणणार नाही. जे दोन-तीन आवडतील तिथेच जा. पण क्वार्टर आलं तर केवळ रागापोटी नाकारू नका. आणि नाकारायचंच असेल, तर आधी ऑफिसात लेखी विचारून घ्या की पुढे घरभाडे भत्त्याचं काय होतं. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

मग मराठीचं काय? मुलांच्या कानावर मराठी पडावं ही इच्छा तुम्ही सोडावी असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्यासाठी रोज राहायचं गाव बदलायची गरज नाही, आठवड्याचा एक दिवस राखून ठेवा. रविवारी सकाळी फोंडा. बहीण, देऊळ, जमलं तर दुपारचं नाटक. बहिणीलाही अशी येणारी बहीण हवीहवीशी वाटते. वास्कोत बायण्याला रवींद्र भवन आहे, तिथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. आणि श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत दामोदराचा भजनी सप्ताह सुरू होतो. नाव सप्ताह, पण भजन २४ तासांचं, अखंड. साथीचा रोग पसरला तेव्हा गावाने जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं आणि तिथला नारळ आणून हे सुरू केलं. सव्वाशे वर्षं झाली. त्या रात्री निरनिराळ्या समाजांचे पार, म्हणजे भजनी मिरवणुका निघतात, अभंग सगळे मराठी, आणि गर्दीत कानडी, मल्याळी, तेलुगू, कोकणी, सगळं एकमेकांच्या खांद्याला लागलेलं. सासूबाईंना रात्री दहाच्या सुमाराला घेऊन जा. खुर्ची कुणीतरी देतंच. माझा अंदाज असा की तुमच्या घरातलं 'आपली माणसं' सगळ्यांत आधी जमवणारं माणूस त्याच असतील. म्हाताऱ्या माणसांना हे जमतं, ती कुणालाही सरळ विचारतात, "बाळ, तू कुणाची?"

(बांबोळी कॅम्पला किंवा वेऱ्याला आयएनएस मांडवीवर बदलून येणाऱ्या वाचकांसाठी जाता जाता: तुमचं गणित वेगळं. तुम्हाला पणजी, ताळगाव, पर्वरी ही गावं सोयीची. पणजीत पाटोला राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं, मुलांना तिथे एकदा सोडा आणि दोन तासांनी घ्यायला या. दोन्ही झुआरी पूल सुरू झाल्यापासून कुठ्ठाळीची ती जुनी कोंडी पूर्वीसारखी राहिली नाही, तरी शाळा आणि बेस नदीच्या दोन काठांवर असू नयेत एवढं पाहा.)

घराचा करार ११ महिन्यांचा करतात. त्यात एक ओळ घालून घ्या: बदली झाली किंवा सरकारी निवास मिळालं, तर एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळेल. घरमालक चांगला असला तरी लिहून घ्या. भाडेकरूच्या पडताळणीचा फॉर्म पोलिस ठाण्यात गेला की नाही, तेही विचारा. आणि करार करण्याआधी संध्याकाळी सातला त्या रस्त्यावर पायी फिरा. दिवे आहेत का, कुत्री किती, औषधाचं दुकान चालत किती मिनिटांवर, पोदेर पाव घेऊन येतो की नाही. इमारतीत किती घरांना कुलूप आहे तेही मोजा. गोव्यात सुट्टीपुरती वापरली जाणारी घरं पुष्कळ. दहातल्या सात दारांना कुलूप असलेली इमारत शांत असते, स्वस्तही मिळते, पण रात्री दोनला सासूबाई बाथरूममध्ये पडल्या तर तिथे उघडायला दारच नसतं. तुमच्या जागी मी भाषा, जात, गाव काही न बघता हेच मोजीन: ज्यांना अपरात्री उठवता येईल अशी किती दारं हाकेच्या अंतरावर आहेत. दोन पुरेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जीव कशाला लावायचा. याचं उत्तर मी देऊ नये असं मला वाटतं, कारण तो प्रश्न तुमचा नाहीच. पत्राच्या मध्यात एक ओळ आहे, "बदलीची बातमी सांगितल्यापासून मुलगी आठ दिवस बोलत नाही." पुढच्या वाक्यात तुम्ही लगेच ट्रकच्या भाड्यावर गेलात. १३ वर्षांची पोर, तिची ही तिसरी शाळा सुटते आहे, आणि पाच पानांच्या पत्रात घर कुठे घ्यावं यावर सासूबाईंचं मत आहे, बहिणीचं आहे, मिस्टरांचं आहे, तिचं नाही. तिला विचारा. गोव्यात काय हवंय हे विचारू नका, ते तिला आत्ता सांगता येणार नाही. तिथलं काय काय बरोबर न्यायचंय ते विचारा. एखाद्या मैत्रिणीचं नाव येईल. मग त्या मैत्रिणीच्या आईशी तुम्ही बोला आणि दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत तिला गोव्याला बोलवायचं नक्की करा, तारखेसकट, तिकिटासकट. मुलीला नववीत मराठी येतं की नाही यापेक्षा हे तिकीट आधी काढा. आणि त्या तेलुगू बाईंचंही एक काढता आलं तर बघा.

मे अखेरीस येताय, म्हणजे सामान उतरेल आणि पाऊस लागेल. काळ्या ट्रंका फरशीवर ठेवू नका, खाली दोन-दोन विटा लावा. मिस्टरांच्या युनिफॉर्मचे बूट कपाटात बंद केलेत तर आठवड्यात हिरवी बुरशी धरेल, ते बाहेरच राहू द्या. काडेपेटीचं सांगितलंच आहे.